खोडकर शब्दांची फाईल : तुमचा प्रोग्राम मराठी नावं खरंच सांभाळतो का, ते तपासण्याची पद्धत

गोव्यातल्या गावच्या वाचनालयासाठी, देवस्थानासाठी, नाट्यमंडळासाठी किंवा पंचायतीसाठी सॉफ्टवेअर लिहायला बसलं की पहिल्याच दिवशी नावांशी गाठ पडते. कुंकळ्येकर, प्रभुदेसाई, च्यारी, डि'सोझा, अँथनी, ज्ञानेश्वर. स्क्रीनवर ही नावं नीट दिसतात, म्हणून आपण पुढे जातो. मग सभासदांची यादी छापताना ॲलन ह नंतर जातो, शोधात बँक सापडत नाही आणि ओळखपत्रावर प्रभुदेसाईंचं आडनाव अर्धवट कापलं जातं. दिसणं ही फॉन्टची कामगिरी असते. मोजणं, कापणं, शोधणं, क्रम लावणं आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देणं ही आपल्या कोडची जबाबदारी आहे.

जगभरचे डेव्हलपर यावर एक साधा उपाय वापरतात. प्रोग्रामला त्रास देणाऱ्या मजकुरांची एक फाईल करून ती ते आपसात वाटतात. कोड वाटण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर २०१५पासून असलेली ‘बिग लिस्ट ऑफ नॉटी स्ट्रिंग्ज’ ही अशी सर्वांत प्रसिद्ध यादी. ती जरूर वापरा. पण मराठीच्या खाचाखोचा आपल्याला रोज भेटतात, आणि फोंडा, म्हापसा, कुंकळ्येकर हे शब्द आपल्याशिवाय कोण घालणार? म्हणून आपली फाईल आपणच करायची. ती कशी करायची आणि कुठला शब्द कशासाठी घालायचा, ते या लेखात आहे. उदाहरण म्हणून गावच्या वाचनालयाचा सभासद-प्रोग्राम डोळ्यांसमोर ठेवू.

तयारी

एक साधी टेक्स्ट फाईल उघडा आणि यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, साठवा. प्रत्येक ओळीत चार रकाने ठेवा : शब्द, कोणती तपासणी, अपेक्षित उत्तर आणि टोपणनाव. रकाने टॅबने वेगळे करा. स्वल्पविराम नको, कारण तो पत्त्यांतही येतो.

टोपणनावाचा रकाना काढून टाकू नका. बगला नाव दिलं की तो लक्षात राहतो. नवीन मुलगा टीममध्ये आला की त्याला ‘ग्राफीम क्लस्टर सीमेचा दोष’ सांगून काही कळत नाही. ‘फुटका फोंडा’ म्हटलं की तो हसतो, विचारतो, आणि पुन्हा तीच चूक करत नाही. डेव्हलपरांच्या विनोदाचं मला सर्वांत मोल वाटतं ते इथे. त्यात अनुभव साठवलेला असतो आणि तो हसत हसत पुढच्याकडे जातो.

दुसरी तयारी म्हणजे शब्दाच्या आत पाहण्याची सोय. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलचं नेम फंक्शन प्रत्येक कोड पॉईंटचं, म्हणजे युनिकोडने एकेका चिन्हाला दिलेल्या नंबराचं, अधिकृत नाव सांगतं. दहा ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवा : शब्द दिला की त्यातला प्रत्येक कोड पॉईंट नंबरासह वेगळ्या ओळीवर छापायचा. या लेखातलं निम्मं काम त्याच्यावर होईल. निकाल मात्र टर्मिनलमध्ये बघून ठरवू नका. बऱ्याच टर्मिनलना देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, आणि बरोबर असलेला शब्दही तिथे मोडलेला दिसतो. एडिटर किंवा ब्राउझर उघडा.

गिट वापरत असाल तर कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा. नाहीतर मराठी नावाची फाईल गिट स्टेटसमध्ये नुसत्या आकड्यांच्या ओळीसारखी दिसते आणि फाईलच बिघडली असं वाटतं.

पहिली तपासणी : मोजणं आणि कापणं

युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ हा १२८ जागांचा पट्टा आहे. त्यात व्यंजन, स्वर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना स्वतंत्र कोड पॉईंट आहेत. जोडाक्षराला वेगळी जागा नाही. ते व्यंजन, हलन्त, व्यंजन असं साखळीने लिहिलं जातं. म्हणजे ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण आत सहा कोड पॉईंट आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक कोड पॉईंटला तीन बाइट, म्हणून एकूण १८ बाइट. एकाच शब्दाची लांबी विचारली तर तीन खरी उत्तरं मिळतात : १, ६ आणि १८. आपल्याला त्यांतलं कुठलं हवं, ते कामावरून ठरतं.

फाईलीतल्या पहिल्या ओळी अशा (तपासणी सगळ्यांची मोजणीचीच, आणि टॅबच्या जागी इथे रेघ दिली आहे) :

फोंडा – कोड पॉईंट ५, दिसणारी अक्षरं २, बाइट १५ – फुटका फोंडा
म्हापसा – कोड पॉईंट ७, दिसणारी अक्षरं ३, बाइट २१
कुंकळ्येकर – कोड पॉईंट १०, दिसणारी अक्षरं ५, बाइट ३०
प्रभुदेसाई – कोड पॉईंट १०, दिसणारी अक्षरं ५, बाइट ३०
स्त्री – कोड पॉईंट ६, दिसणारी अक्षरं १, बाइट १८

फुटका फोंडा हे नाव मुलाखतीतल्या एका जुन्या प्रश्नावरून आलं : स्ट्रिंग उलटी करून दाखवा. इंग्रजी शब्दाला चालणारं कोड फोंड्याला लावलं तर सुरुवातीला काना येतो, त्याच्याखाली टेकायला व्यंजन नसतं म्हणून तुटक वर्तुळ दिसतं, आणि अनुस्वार ड वर जाऊन बसतो. दिसणाऱ्या अक्षरांनी उलटं केलं तर ‘डाफों’ मिळतं. मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्वतःहून मांडावं. समोरच्याला तुमची समज लगेच कळते.

स्ट्रिंग उलटी करण्याची गरज व्यवहारात क्वचित पडते, पण कापण्याची रोज पडते. ओळखपत्रावर नाव बसत नाही म्हणून कापलं, यादीत ‘आणखी’ची तीन टिंबं दिली, प्रोफाइलच्या गोलात पहिलं अक्षर दाखवलं. पहिल्या कोड पॉईंटवर थांबलं तर श्रीपादचा श, ज्ञानेश्वरचा ज आणि क्षमाचा क उरतो. मराठी माणसाला ते चुकीचंच वाटेल. श्री, ज्ञा, क्ष हवं. त्यासाठी ग्राफीम क्लस्टर, म्हणजे डोळ्यांना एक दिसणारं अक्षर, मोजणारी साधनं घ्या. जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे. पायथनमध्ये वेगळं बसवावं लागणारं रेजेक्स मॉड्यूल घेतलं की त्यात उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स हा नमुना एक पूर्ण क्लस्टर पकडतो. स्विफ्ट भाषेत कॅरेक्टर म्हणजे मुळातच ग्राफीम क्लस्टर. जावास्क्रिप्टमध्ये स्प्रेड ऑपरेटरने तुकडे करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, पण तो इमोजींपुरता कामाचा आहे. मराठीला त्याने काही फायदा होत नाही, कारण तो कोड पॉईंटच वेगळे करतो.

इथे आवृत्तीचा प्रश्न येतो. जोडाक्षर मध्ये तोडायचं नाही हा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२३मध्ये, आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी ‘स्त्री’चे तीन तुकडे करते : स्, त्, री. म्हणून ‘स्त्री’ ही ओळ फाईलीत असायलाच हवी. उत्तर १ आलं तर नवा नियम आहे, ३ आलं तर जुना, ६ आलं तर लायब्ररी क्लस्टर मोजतच नाही. एका शब्दात साधनाची परीक्षा होते.

बाइटची मर्यादा डेटाबेसमध्ये आडवी येते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल रकान्याची लांबी कोड पॉईंटने मोजतात. ओरॅकलमध्ये मुद्दाम सांगितलं नाही तर ती बाइटने मोजली जाते, आणि २० लिहिलेल्या रकान्यात देवनागरीचे फक्त सहा कोड पॉईंट मावतात. कुंकळ्येकर तिथे बसणार नाही. मायएसक्यूएलमध्ये नुसता ‘यूटीएफ८’ हा जुना पर्याय तीन बाइटांपुरता आहे. मराठी त्यात राहते, पण नावापुढे कुणी इमोजी टाकला की नोंद अडते. ‘यूटीएफ८एमबी४’ हाच पर्याय निवडा.

एसएमएसची गोष्टही याच घरातली. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७० कोड पॉईंट. त्याहून लांब गेलं तर तुकडे पडतात आणि प्रत्येकात ६७च उरतात. ‘पुस्तक परत करण्याची मुदत संपली आहे’ हा संदेश लिहिताना आधी मोजा, कारण बिल तुकड्यांवर येतं.

दुसरी तपासणी : सारखे दिसणारे, आतून वेगळे

या तपासणीला सर्वांत जास्त वेळ द्या. मराठी शोध बिघडण्याचं मुख्य कारण इथे आहे, आणि हिंदीसाठी लिहिलेले तयार उपाय इथे पुरत नाहीत.

सुरुवात दऱ्यांपासून. दर्या म्हणजे मिरामारला समोर पसरलेला समुद्र. दऱ्या म्हणजे सत्तरीच्या डोंगरांमधल्या. पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. हा पापणीचा र मराठीचा खास, य आणि ह यांच्या आधी येणारा : दुसऱ्या, वाऱ्यावर, वऱ्हाड. तो टाईप करण्याच्या दोन पद्धती चालू आहेत. एकात ऱ (०९३१) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे (२००डी). युनिकोड मराठीसाठी पहिली पद्धत सांगतं. दुसरी जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून मान्य आहे, आणि अनेक कीबोर्ड तीच वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून एका पद्धतीने लिहिलेलं पुस्तकाचं नाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही.

यावर आंतरजालावर मिळणारा पहिला सल्ला असतो की अदृश्य अक्षरं काढून टाका. तो सल्ला इथे घातक आहे. जोडक काढला की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या थेट दर्या होतात. शोधात डोंगर मागितले आणि समुद्र मिळाला, अशी अवस्था. म्हणून आमच्या टीममध्ये या बगचं टोपणनाव ‘सत्तरीचा समुद्र’ आहे. आधी र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे, आणि मगच उरलेले जोडक काढायचे.

दुसरी जोडी बँकेची. ब वर चंद्रबिंदू देऊन ‘बँक’ लिहितात, आणि ब ला ॲ ची मात्रा देऊन वर अनुस्वार देऊनही लिहितात. बहुतेक फॉन्टमध्ये फरक कळतही नाही. गोव्यात हा प्रश्न नावांत येतो. अँथनी हे नाव अ वर चंद्रबिंदू, ॲ वर अनुस्वार, किंवा अ आणि ॅ आणि अनुस्वार, अशा तीन तऱ्हांनी नोंदलेलं असतं.

तिसरी, ॲ स्वतः. या अक्षराला स्वतंत्र कोड पॉईंट (०९७२) युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत २००८ साली मिळाला. त्याआधी लोक अ आणि ॅ जोडून लिहीत, मधे बऱ्याचदा जोडकही घालत. जुन्या फाईलींमध्ये ते सगळे प्रकार आहेत.

तुम्ही म्हणाल, एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणणारं नॉर्मलायझेशन कशासाठी आहे? त्यातला एनएफसी हा प्रकार जरूर चालवा, पण त्याचा आवाका लहान आहे. र आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, वेगळे लिहिलेले असतील तर एनएफसी त्यांचा एक ऱ करतं. पापणीच्या र च्या दोन पद्धती, बँकेच्या दोन पद्धती आणि ॲ चे प्रकार त्याला एक वाटत नाहीत. ते आपल्यालाच सांगावं लागतं.

म्हणून प्रत्येक नावासाठी डेटाबेसमध्ये दोन रकाने ठेवा. एकात माणसाने दिलेलं नाव, फक्त एनएफसी करून. ते छापण्यासाठी, आणि त्याला आणखी हात लावायचा नाही. दुसऱ्यात शोधकिल्ली, म्हणजे शोधताना जुळवायचं रूप, जी कुणाला दाखवायची नाही. शोधकिल्ली या क्रमाने तयार करा :

१. एनएफसी चालवा.
२. र, हलन्त, जोडक यांच्या जागी ऱ, हलन्त ठेवा.
३. अ नंतर ॅ असेल, मधे जोडक असो वा नसो, तर ॲ करा.
४. ॲ आणि अनुस्वार एकत्र असतील तर अँ करा. ॅ ची मात्रा आणि अनुस्वार एकत्र असतील तर चंद्रबिंदू करा.
५. उरलेला नुक्ता काढा. पहिल्या पायरीने ऱ आधीच एकसंध झालेला असतो, म्हणून त्याला धक्का लागत नाही.
६. उरलेले जोडक आणि विजोडक (जोडाक्षर होऊ न देणारं अदृश्य चिन्ह), म्हणजे २००डी आणि २००सी, काढा.
७. न तुटणारी स्पेस साधी करा, लागोपाठच्या स्पेस एक करा, टोकांच्या काढा.

क्रम बदलू नका. सहावी पायरी दुसरीच्या आधी गेली की सत्तरीत समुद्र शिरतो. माणूस शोधायला जे टाईप करेल त्यालाही हेच फंक्शन लावायचं, नाहीतर दोन बाजू कधीच जुळणार नाहीत. फाईलीत लिहिताना या ओळी जोडीने घाला : या दोघांची किल्ली सारखी आली पाहिजे, या दोघांची वेगळी आली पाहिजे. ‘वेगळी आली पाहिजे’ या ओळी लोक विसरतात, आणि मग शोध इतका उदार होतो की त्याचा उपयोग राहत नाही. दर्या आणि दऱ्या, आचार्याला आणि आचाऱ्याला या जोड्या त्यासाठी ठेवा.

अदृश्य अक्षरं मोठ्या कंपन्यांनाही चकवतात. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतल्या ‘ज्ञा’च्या एका रूपाने, ज्यात विजोडक होता, आयओएस ११.२.५ असलेल्या आयफोनवरची ॲप्स बंद पडत होती. ११.२.६ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. भारतीय लिपींचे असे शब्द चाचणीत आधीपासून असते तर ते प्रकरण लोकांच्या फोनपर्यंत पोचलं नसतं.

तिसरी तपासणी : नाव नाकारणारे फॉर्म

फॉर्ममध्ये ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ अशी अट घालण्याचा मोह होतो. पायथनच्या इझअल्फा फंक्शनला ‘मराठी’ हा शब्द देऊन बघा. उत्तर फॉल्स येतं, कारण मात्रांना ते अक्षर मानत नाही. पायथनच्या मूळ आरई मॉड्यूलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू हा शब्द पकडणारा नमुना ‘मराठी’चे तुकडे करून ‘मर’ आणि ‘ठ’ हाती देतो. जावास्क्रिप्टमध्ये तोच नमुना देवनागरी ओळखतच नाही. तिथे युनिकोड फ्लॅग लावून अक्षर आणि चिन्ह हे दोन्ही वर्ग मागा, आणि जोडक-विजोडकांना परवानगी द्या. पायथनमध्ये वर सांगितलेलं रेजेक्स मॉड्यूल घ्या.

माझं स्पष्ट मत आहे की नावाच्या रकान्यावर अशी अटच नको. रिकामं नाही आणि वाजवी लांबीचं आहे, एवढं पुरे. एखाद्याचं नाव चुकीचं आहे असं त्याला सांगण्याचा अधिकार फॉर्मला नाही.

डि'सोझा आणि डि'मेलो फाईलीत अपॉस्ट्रॉफीसकट घाला. नावातल्या एका चिन्हाने शाळेचा सगळा विद्यार्थ्यांचा तक्ता उडाल्याचं २००७ सालचं एक व्यंगचित्र डेव्हलपरांमध्ये आजही फिरतं, आणि त्यातला धोका खरा आहे. नाव एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या, वाक्यात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवा. फोनचा कीबोर्ड अनेकदा सरळ अपॉस्ट्रॉफीऐवजी वळणदार देतो, तेव्हा दोन्ही रूपं घाला आणि शोधकिल्लीत दोन्ही काढून टाका. मग अपॉस्ट्रॉफी न देता नुसतं डिसोझा शोधणाऱ्यालाही नाव मिळेल.

आकडेही इथेच. पायथनचं इंट फंक्शन ‘१२३’ हा देवनागरी आकडा मुकाट्याने स्वीकारतं, जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असं उत्तर देतं. सभासद क्रमांक मराठी कीबोर्डवरून आला तर एका बाजूला नोंद होते, दुसऱ्या बाजूला अडते. आत साठवताना आकडे एकाच लिपीत आणा.

चौथी तपासणी : क्रम

डेटाबेसला काही न सांगता क्रम लावायला सांगितलं तर तो बऱ्याचदा कोड पॉईंटने लावतो. एसक्यूलाइट तर नेहमीच तसं करतो. ॲ ०९७२वर आहे आणि ह ०९३९वर, म्हणून ॲलन, ॲग्नेस यादीच्या तळाशी, ह च्याही खाली जातात. ळ चा कोड पॉईंट ल च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत मात्र तो ह नंतर येतो. कोड पॉईंटने ‘बाळ’ आधी आणि ‘बाहुली’ नंतर येते, मराठी क्रमाने उलट.

क्ष आणि ज्ञ यांचं मात्र आधी ठरवावं लागतं. वर्णमालेत ते शेवटी शिकवतात, काही कोशांत क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये लावतात. वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरात कुठली पद्धत आहे ते बघा आणि ग्रंथपालांना विचारा. त्यांची सवय मोडण्यात काही शहाणपण नाही. आयसीयू या युनिकोडसाठीच्या लायब्ररीचा मराठी क्रम ळ, क्ष, ज्ञ यांना ह नंतर ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूचे क्रम १०व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, मिळतात. ब्राउझरमध्ये इंटल कोलेटरला ‘एमआर’ हा भाषा-कोड द्या. एसक्यूलाइट वापरत असाल तर आयसीयूचं एक्स्टेन्शन जोडा, किंवा यादी लहान असेल तर प्रोग्राममध्येच क्रम लावा.

‘एमआर’ हाच कोड वेब पानाच्या लँग गुणधर्मातही लिहा. फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणं त्यामुळे मिळतात. कोकणी मजकुराला ‘केओके’ द्या.

पाचवी तपासणी : दुसऱ्याच्या हाती देताना

वाचनालयाच्या समितीला यादी एक्सेलमध्ये हवी असते. आपण सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल, काढून देतो, ते डबल क्लिक करतात, आणि मराठी अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए आणि चलनाचं चिन्ह (¤) अशांची रांग लागते. डेटा शाबूत असतो. एक्सेलने यूटीएफ-८ ओळखलेलं नसतं इतकंच. फाईलीच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण, हवा. पायथनमध्ये एन्कोडिंगच्या जागी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहिलं की काम होतं. ती रांग दिसत असताना फाईल सेव्ह करू नका, हे समितीला प्रेमाने आणि वारंवार सांगा.

जुन्या फाईली आल्या तर वेगळी मेहनत आहे. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या सुरेखसारख्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर आतून रोमन चिन्हांचा असतो, फॉन्ट बदलला की मराठी नाहीशी होते. प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा, म्हणून त्याच फॉन्टसाठी केलेला परिवर्तक शोधा. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हाताने तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टाईप केलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. ‘डिचोली’ आणि ‘पर्वरी’ हे दोन शब्द परिवर्तकाला द्या, लगेच कळेल.

पीडीएफमधून मराठी कॉपी करून घेणं टाळा. मूळ फाईल मिळत नसेल तर पानाचं चित्र काढून टेसेरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून मराठीचा ‘एमएआर’ डेटा वापरून वाचून घेतलेलं बरं, आणि तरीही प्रत्येक ओळ माणसाने वाचायची.

सहावी तपासणी : गोव्याची गावं

इथे अल्गोरिदमचं काम संपतं आणि माहितीचं सुरू होतं. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामांत मराठीही वापरता येते, त्यामुळे एकाच गावाची किंवा तालुक्याची नावं दोन्ही भाषांत कागदोपत्री येतात. डिचोली आणि दिवचल, सासष्टी आणि साश्टी, पेडणे आणि पेडणें. वर रोमन लिपीतली जुनी पोर्तुगीज आणि नवी इंग्रजी स्पेलिंगं : पणजीची वेगळी, म्हापशाचं सेडिलावालं वेगळं. रोमन लिपी आपल्याकडे उपरी नाही. १५५६ साली गोव्यात छापखाना आला, आणि १६१६ साली रायतूरला छापलेलं मराठी ओवीबद्ध काव्यही रोमन अक्षरांत होतं. आज कोकणी रोमनमध्ये वाचणारे आणि मराठी रोमनमध्ये टाईप करणारे सभासद तुमच्या वाचनालयात नक्की असतील.

अंदाजाने जुळवणारी फझी सर्च लावून दिवचलची डिचोली होणार नाही. उलट सांगे आणि केपे यांच्यासारखी छोटी नावं भलत्यालाच जुळतील. गावांचा एक तक्ता करा : एक कायमचा क्रमांक, दाखवायचं नाव, आणि पर्यायी नावं हव्या तितक्या ओळींत. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांचे अधिकृत कोड आहेत, क्रमांक म्हणून तेच घ्या. बारा तालुक्यांपासून सुरुवात करा, मग आपल्या तालुक्यातली गावं, मग वाडे. वाड्यांची नावं गावातल्या जुन्या माणसांना विचारून भरा, कारण त्यांची पर्यायी रूपं कुठल्याही यादीत मिळत नाहीत. पत्त्यात गावाचं नाव लिहू न देता क्रमांक साठवा. सभासदाला मराठी दिसेल, त्याच्या शेजाऱ्याला कोकणी, आणि मोजदाद एकच राहील.

फाईल रोज चालवणं आणि वाटणं

ही फाईल कपाटात ठेवायची नाही. तुमच्या चाचणी-साधनाला, मग ते पायटेस्ट असो वा जेस्ट, ती वाचून प्रत्येक ओळीची एक चाचणी करायला लावा. चाचणीच्या नावात टोपणनाव येऊ द्या. कोड ढकलल्यावर ‘सत्तरीचा समुद्र : नापास’ असं लाल अक्षरांत आलं की काय बिघडलं ते विचारावं लागत नाही. लायब्ररीची आवृत्ती बदलताना, डेटाबेस हलवताना आणि नवा फॉन्ट घेताना हीच फाईल पुन्हा चालवा.

खऱ्या सभासदांची नावं मात्र तिच्यात कधीही टाकू नका. आडनाव एकीकडचं, नाव दुसरीकडचं घेऊन जोड्या बनवा, फोन नंबर आणि पत्ते अजिबात नकोत. असं केलं की फाईल मोकळ्या मनाने सगळ्यांना देता येते. गिटहबवर सार्वजनिक ठेवा, परवाना सीसी-शून्य, म्हणजे कुणीही कसाही वापर करावा असा, द्या. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी आणि पणजी-पर्वरीच्या छोट्या ऑफिसांतले डेव्हलपर एकाच फाईलीत भर घालू लागले, तर प्रत्येकाला हे सगळं शून्यापासून शोधावं लागणार नाही.

नवा शब्द पाठवणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा : तो शब्द नेमका जसा मिळाला तसा, कुठल्या साधनात बिघडला त्याची आवृत्ती, आणि बरोबर उत्तर काय असायला हवं. स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण दोष अदृश्य अक्षरात असेल तर तो चित्रात येत नाही. कोड पॉईंटची यादी मागा. उत्तराबद्दल दुमत असेल, जसं क्ष च्या क्रमाबद्दल आहे, तर दोन्ही उत्तरं दोन ओळींत ठेवा आणि तपासणीच्या रकान्यात कुठली परंपरा ते लिहा. टोपणनाव द्यायचा मान शब्द पाठवणाऱ्याला द्या.